गोटाच्या तुरपाईला दोरा कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात दोन तक्रारी आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. बहिणीच्या बाळासाठी तुम्ही सुती गोधडी केलीत. पुढून गोटाची, म्हणजे कडेची, पट्टी मशिनवर जोडून घेतलीत आणि आता ती मागे दुमडून हाताने तुरपायची आहे. पहिल्या बाजूला घरातल्या नेहमीच्या रिळाचा पॉलिस्टर दोरा वापरलात, तर तो दर चार टाक्यांनी गुंतायला लागला. मग कुणीतरी हँड क्विल्टिंगचा, म्हणजे गोधडीचे थर हाताने शिवायचा, दोरा घ्यायला सांगितलं. तो गुंतत नाही, पण फिकट निळ्या पट्टीवर त्याचा टाकान् टाका उठून दिसतो. दोन बाजू झाल्या, दोन उरल्या, आणि आता तुम्ही विचारताय, “या दोन्हींपेक्षा मजबूत दोरा कोणता?”

मी पुण्यात गेली चोवीस वर्षं गोधड्या शिवते आणि तितक्याच दुरुस्त करते. दुरुस्तीला आलेल्या गोधड्यांनी मला जे शिकवलं, ते आधी सांगते: गोटाला मजबूत दोरा शोधू नका, बारीक दोरा शोधा. गोट टिकतो तो टाक्यांच्या संख्येवर.

हिशोबच करून बघा. ६० बाय ९० इंचाच्या मोठ्या गोधडीचा घेर ३०० इंच, म्हणजे २५ फूट. इंचाला आठ टाके धरले तर २,४०० टाके होतात. गोधडी ओढली गेली की तो ताण एका टाक्यावर येत नाही, आजूबाजूच्या दहा-बारा टाक्यांत वाटला जातो. तेच टाके अर्ध्या इंचावर घातले, तर दोरा कितीही जाड असो, प्रत्येक टाक्यावर चौपट भार येतो. आणि तो भार दोरा एकटा पेलत नाही. दोऱ्याच्या विळख्यात सापडलेले कापडाचे दोन-चार धागेही तो पेलत असतात. म्हणून जाड, चिवट दोरा आणि लांब टाके या जोडीत दोरा शाबूत राहतो आणि कापड जातं.

हे मी हातात धरून पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी एका घरातून आजीच्या नऊवारी लुगड्यांची गोधडी दुरुस्तीला आली होती. गोट नंतर कुणीतरी नवा लावलेला होता, जाड नायलॉनच्या दोऱ्याने. दोरा एका ठिकाणीही तुटला नव्हता. पण पट्टीची घडी टाक्याटाक्याला कापली गेली होती, आणि मागचं जुनं मऊ लुगडं तर दोऱ्याच्या रेषेत फाटत गेलं होतं. दोरा तुटला असता तर मी तासाभरात नवी तुरपाई घालून दिली असती. लुगडं फाटल्यावर काय करणार? तेव्हापासून माझा नियम एकच: कधी ना कधी काहीतरी तुटणारच असेल, तर ते दोऱ्याने तुटावं, कापडाने नाही. म्हणजे दोरा कापडापेक्षा थोडा कमी ताकदीचा हवा. नवीन, घट्ट विणीच्या कापडाला हा धोका कमी असतो. जुन्या लुगड्यांच्या गोधडीला मात्र तो फार मोठा असतो.

आता तुमच्या हातातल्या दोन दोऱ्यांबद्दल. दोघांनी असा त्रास का दिला, ते कळलं की तिसरा निवडायला सोपं जातं.

हँड क्विल्टिंगचा दोरा जाडसर सुती असतो आणि त्यावर मेणासारखा लेप चढवलेला असतो. लेपामुळे तो ताठ राहतो, म्हणून गुंतत नाही. तीन थरांमधून धावदोरा घालताना ही गोष्ट फार उपयोगी पडते, कारण तिथे टाका दिसायलाच हवा. तो गोधडीची शोभा असतो. गोटावर नेमकं उलट हवं असतं. टाका घडीच्या कडेत बुडायला हवा, आणि ताठ दोरा बुडत नाही, घडीवर आडव्या काडीसारखा बसतो. दोरा चांगलाच आहे, फक्त तो या कामाचा नाही.

पॉलिस्टरचं दुखणं वेगळं. तो लवचीक असतो आणि रिळावरचा वळसा विसरत नाही, म्हणून मोकळा सोडला की वेटोळं घालतो. शिवाय तो हवेतला ओलावा जवळपास घेतच नाही. सूत वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे पुण्याच्या कोरड्या हवेत, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये, त्यात स्थिर वीज साठते आणि तो स्वतःलाच चिकटतो. पावसाळ्यात हा त्रास मला बराच कमी जाणवतो. पण खरं सांगायचं तर गुंत्याचं सगळ्यात मोठं कारण दोऱ्याची लांबी असते. सुई वारंवार ओवायला नको म्हणून आपण दोन-दोन हात दोरा घेतो. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत, म्हणजे सुमारे १८ इंच, एवढाच घ्या. मोठ्या गोधडीला मग तीस-पस्तीस वेळा सुई ओवावी लागते, हे मान्य. पण लांब दोरा शेवटच्या टाक्यापर्यंत पोचेस्तोवर शंभराच्या वर वेळा कापडातून घासला गेलेला असतो. त्याचे तंतू सुटतात, तो पातळ होतो आणि मग गुंततो.

मग घ्यायचा कोणता? तुमच्यासारख्या सुती गोधडीला माझी पहिली पसंती ५० नंबरच्या मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेल्या, सुती दोऱ्याला, दुपदरी असेल तर उत्तम, तिपदरीही चालतो.

नंबराचा अर्थ सांगते, कारण इथे बहुतेकजणी फसतात. नंबर वाढला की दोरा बारीक होतो. ५० नंबर म्हणजे ५० किलोमीटर दोऱ्याचं वजन एक किलो. दुसऱ्या शब्दांत, १,००० मीटरचं वजन २० ग्रॅम. ४० नंबरचे १,००० मीटर २५ ग्रॅम भरतात, ३० नंबरचे ३३ ग्रॅमच्या आसपास. काही रिळांवर नंबराऐवजी ‘टेक्स’ लिहिलेलं असतं. ते म्हणजे थेट १,००० मीटरचं वजन ग्रॅममध्ये, आणि तिथे आकडा वाढला की दोरा जाड. तुम्हाला टेक्स २० च्या आसपासचा हवा. मात्र सगळ्या कंपन्या नंबर एकाच पद्धतीने मोजत नाहीत. काही संपूर्ण दोऱ्याचा सांगतात, काही एका पदराचा. त्यामुळे एकाचा ५० आणि दुसऱ्याचा ५० हातात सारखा लागत नाही. परदेशी क्विल्टवाल्यांमध्ये इटलीच्या ऑरिफिल कंपनीचा ५० नंबर लोकप्रिय आहे तो दुपदरी आणि खरोखर बारीक असल्यामुळेच. पण तोच हवा असा माझा आग्रह नाही. मी दुकानात आकडा शेवटी वाचते. आधी एक धागा चिमटीत धरून पट्टीच्या कापडाच्या सुट्या धाग्याशेजारी ठेवते. दोन्ही साधारण सारख्या जाडीचे दिसले की झालं.

‘मर्सराइज्ड’ हा शब्द जॉन मर्सर या इंग्रज माणसाच्या नावावरून आला. कॉस्टिक सोड्याने सूत अधिक बळकट होतं आणि रंग चांगला धरतं, हे त्याने १८४४ मध्ये शोधलं. सोड्यात असताना सूत ताणून धरलं तर त्याला तकाकी येते, हे पुढे कळलं. आपल्या कामाला तकाकीपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की असा दोरा गुळगुळीत असतो, कापडातून कमी घासत जातो. दोरा उजेडासमोर धरून पाहा. कडेला लव दिसत असेल तर तो आखूड तंतूंचा आहे आणि निम्म्यातच फुलायला लागेल.

सुती दोऱ्याबद्दल एक भीती हमखास असते की धुतल्यावर कुजेल, तुटेल. सूत ओलं झाल्यावर उलट जास्त बळकट होतं. ओलं झाल्यावर कमजोर होतो तो रेयॉन. हे मी स्वतः भोगलेलं आहे. सुरुवातीच्या काळात एका बाळाच्या दुपट्याला मी मशीन एम्ब्रॉयडरीचा चमकदार रेयॉन दोरा वापरला होता, कारण रंग हुबेहूब मिळाला होता. दुपटी रोज धुतली जातात. महिन्याभरात गोट दोन ठिकाणी सुटला आणि त्या बाईंनी तो सेफ्टीपिनने टाचून आणला. बाळाच्या अंगाखालच्या कापडाला सेफ्टीपिन! त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून रेयॉन मी धुवायच्या कुठल्याही वस्तूच्या शिलाईला वापरत नाही.

तरी दोऱ्याची निवड काही गोष्टींवर अवलंबून असते, आणि त्या तुमच्या बहिणीला विचारायला हव्यात. गोधडी कशी धुतली जाणार आहे? हाताने किंवा मशिनच्या सौम्य फेऱ्यात धुतली जाणार असेल तर सूतच घ्या. गरम पाणी, जोराचा पिळा आणि आठवड्यातून दोन-तीनदा धुणं असेल, आणि पट्टी नव्या घट्ट कापडाची असेल, तर बारीक पॉलिस्टर घ्यायला माझी हरकत नाही. पॉलिस्टर सुती कापड कापतो म्हणून कधीच वापरू नये, असं अनेकजणी ठामपणे सांगतात. माझा अनुभव इतका टोकाचा नाही. शिवणकामाचा साधा बारीक स्पन (आखूड तंतू कातून केलेला) पॉलिस्टर नव्या सुती पट्टीवर वर्षानुवर्षं नीट राहिलेला मी पाहिला आहे. जुन्या लुगड्यावर मात्र मी तो घालणार नाही. पट्टी खणाची किंवा मिश्र धाग्याची असेल तर पॉलिस्टर जास्त बरा लपतो, कारण दोघांची चमक जुळते.

बाळाची गोधडी असल्यामुळे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. ‘अदृश्य’ म्हणून मिळणारा पारदर्शक नायलॉनचा धागा वापरू नका. इस्त्रीने तो वितळतो, उन्हाने कडक होऊन तुटतो, आणि सुटलेलं टोक टोचतं. त्याहून मोठी काळजी ही, की तो धागा दिसत नाही आणि बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर आवळत जातो. याच कारणाने बाळाच्या गोधडीवर टाके बारीक हवेत. पाव इंचाच्या सैल टाक्यात इवलं बोट अडकू शकतं, इंचाला आठ असलेल्या टाक्यांत नाही.

भरतकामाच्या सहापदरी लडीतला एक पदर काढून चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. रंग सुंदर मिळतात, पण त्या पदराला पीळ कमी असतो, कारण तो कापडावर पसरून चमकावा म्हणूनच बनवलेला असतो. घर्षणाला तो टिकत नाही. भिंतीवर लावायच्या कामाला वापरा, पांघरायच्या नको. रेशमी दोरा लपण्याच्या बाबतीत सगळ्यांचा राजा आहे, घडीत गेला की सापडत नाही. पण हल्लीच्या बऱ्याच साबणपावडरींत प्रथिनं विरघळवणारी एन्झाइम्स असतात आणि रेशीम हे प्रथिनच. रोजच्या धुण्याला म्हणून तोही बाद.

रंगाबद्दल मी थोडी जास्त लिहिणार आहे. तुमची अर्धी अडचण रंगाची आहे असा मला संशय आहे.

दोरा पट्टीच्या रंगाशी जुळवायचा, मागच्या कापडाशी नाही. नीट घातलेल्या टाक्यात सुई मागच्या कापडात जिथून आत जाते ते भोक घडीखाली झाकलं जातं. जे काही थोडं दिसतं ते घडीच्या कडेवर, म्हणजे पट्टीवर. दुसरं असं, की रिळावर दोरा एकावर एक गुंडाळलेला असतो, त्यामुळे तो गडद दिसतो. त्यातला एकच धागा कापडावर टाकला की तो फिका पडतो. म्हणून रिळ पट्टीवर ठेवून रंग जुळवलात तर शिवल्यावर टाका हटकून उजळ दिसणार. वीतभर धागा उलगडा, पट्टीवर आडवा टाका आणि हातभर अंतरावरून पाहा. दोन छटांमध्ये अडलात तर गडद घ्या. गडद टाका सावलीसारखा वाटतो, उजळ टाका डोळ्यात येतो.

आणि हे उन्हात पाहा. मी रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला दोरे घ्यायला जाते तेव्हा पट्टीचा तुकडा पिशवीत असतोच. आतल्या ट्यूबलाइटमध्ये दोन-तीन रिळं निवडते आणि दुकानदारांना सांगून दारात येऊन पाहते. निळा आणि करडा हे रंग तर आतल्या दिव्यात फारच फसवतात. तुमची पट्टी फिकट निळी आहे, तेव्हा एक निळा आणि एक मधल्या छटेचा करडा, असे दोन्ही धागे टाकून पाहा. पुष्कळदा करडाच जिंकतो. छापील किंवा बहुरंगी पट्टीला तर मी डोळे मिटून करडा घेते.

गडद लाल, मरून, काळा दोरा घेतलात तर तो आधी तपासा. वीतभर धागा ओला करा, पांढऱ्या सुती कापडात घडी करून वरून इस्त्री फिरवा. डाग उमटला तर तो दोरा गोधडीला नको. इरकलीची लाल किनार गोटाला वापरणाऱ्या मैत्रिणी पट्टी आधी धुऊन घेतात, पण दोरा तपासायचा विसरतात.

घरातली जुनी रिळंही अशीच तपासा. आजीच्या डब्यातली रिळं माझ्याकडेही आहेत आणि ती मी जपून ठेवली आहेत, पण त्यांनी शिवत नाही. दोरा दोन हातांत धरून एक हिसका द्या. ‘टच्’ असा आवाज होऊन बोटांना झटका बसला तर दोरा जिवंत आहे. काही न जाणवता तो सुटून आला तर तो संपला आहे.

सुई दोऱ्याइतकीच महत्त्वाची आहे, पण इथे थोडक्यात सांगते. शार्प्स प्रकारातली, म्हणजे हातशिलाईची अणकुचीदार, ९ किंवा १० नंबरची घ्या. सुयांमध्येही नंबर वाढला की सुई बारीक. दोरा नेढ्यातून सहज सरकायला हवा. नेढं अरुंद असलं तर दोरा तिथेच घासून फुटतो आणि आपण दोष दोऱ्याला देतो. अंगुस्तान वापरायची सवय नसेल तर आता लावा, कारण बारीक सुईचं मागचं टोक बोटात रुतते.

दोरा एकेरीच ठेवा. दुहेरी दोऱ्याचे दोन्ही पदर कधीच सारखे ओढले जात नाहीत. एक ताणतो, दुसऱ्याचं लूप बाहेर राहतं, आणि टाका दुप्पट दिसतो तो वेगळाच. रिळावरून आधी हाती आलेलं टोक नेढ्यात घाला आणि रिळाजवळ कापलेल्या टोकाला गाठ मारा. माझ्या हाताला यात गुंता कमी होतो असं जाणवतं. पंधरा-वीस टाक्यांनंतर सुई मोकळी लोंबकळत सोडा, ती आपोआप फिरून चढलेला पीळ उतरवेल. एवढं करूनही सूत गुंतलं तर मधमाशीच्या मेणावरून दोरा एकदा ओढा आणि कागदात धरून हलकी इस्त्री फिरवा, म्हणजे मेण आत मुरेल आणि फिकट पट्टीवर डाग पडणार नाही. मेणबत्तीचं मेण नको, त्याचा भुगा पडतो.

टाका असा घ्या: सुई घडीच्या अगदी धारेतून बाहेर काढा, तिच्या बरोबर समोर मागच्या कापडात घाला, आतल्या थरातून साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे नेऊन पुन्हा घडीच्या धारेतून काढा. समोर न घालता तिरकी पुढे घातलीत, तर बाहेर तिरपी रेघ दिसणार. मग दोरा कितीही बारीक असो, ती लपत नाही. पुढच्या बाजूपर्यंत सुई जाऊ देऊ नका. कोपऱ्यात पट्टीची तिरकी घडी येते तिथे तीन-चार टाके घडीवरही घाला, पुढून आणि मागूनही. गोधडी उचलताना आपण कोपराच धरतो, आणि गोट सुटायला लागतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

थोडक्यात, उरलेल्या दोन बाजूंसाठी ५० नंबरचा मर्सराइज्ड सुती दोरा, पट्टीपेक्षा अर्धी छटा गडद किंवा करडा, एकेरी, १८ इंच, १० नंबरची सुई. तुमची गोधडी बाळाची, त्यामुळे सगळा मिळून दहा-बारा मीटरसुद्धा लागणार नाही. १०० मीटरचं छोटं रिळ घेतलंत तरी उरेल.

राहिल्या झालेल्या दोन बाजू. पॉलिस्टरची बाजू तशीच राहू द्या, फक्त गुंते होऊन जिथे लूप बाहेर राहिलं असेल तिथे ते कापून आजूबाजूला दोन-दोन टाके नव्याने घाला. क्विल्टिंगच्या दोऱ्याची बाजू उसवायची तुमची तयारी दिसते, पण मी सांगेन की उसवू नका. उसवताना कात्रीचं टोक घडीला लागलं तर पट्टीच बदलावी लागेल. त्या दोऱ्यावरचा लेप चार-पाच धुण्यांत निघतो, दोरा मऊ पडतो आणि टाका बराच खाली बसतो. त्या बाजूचे टाके मोजा. इंचाला सहा-सात असतील तर हात लावू नका. तीन-चारच असतील तर प्रत्येक दोन टाक्यांच्या मध्ये नव्या बारीक दोऱ्याचा एकेक टाका घाला. घडी पूर्ण दाबली गेली की जाड टाक्यांखालची सावली कमी होते आणि ते आत्ताइतके उठून दिसत नाहीत.